पट्टीतलं पाचवं घर

११ मार्च, मंगळवार

आज दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तेजलने मला पहिल्यांदा नुसतं ‘अभय’ म्हटलं. पुढे दादा नाही, काही नाही. त्या मिनिटाला सगळं बदललं. वेळ एवढी पक्की ठाऊक आहे, कारण तेव्हा माझी नजर पट्टीवर होती.

ही पट्टी म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर अगदी वर बसवलेली बोटभर जागा. तिच्यात चार घरं: मेमरी किती खाल्ली, मशीन किती तापलं, नेट आहे की गेलं, आणि घड्याळ. बाकी पडदा रिकामा. बारा वर्षांच्या जुन्या मशीनला दागिने झेपत नाहीत. पट्टीची एक साधी फाईल असते, त्यात एकेक ओळ लिहायची, ओळीमागे एक घर उमटतं. कॉलेज सोडल्यापासून दीड वर्षात मला मनासारखं जमलेलं हे एकच काम.

तेजल आमच्या वाडीतल्या धोंडूकाकांची भाची, देवरूखची. वर्षाच्या बोलीवर मामाकडे राहायला आली आहे. भरतीची परीक्षा निघाली तर नोकरी, नाही निघाली तर वडील सांगतील तिथे लग्न. आणि मध्ये तिच्याबद्दल एक शब्द जरी इकडेतिकडे झाला, तर त्याच दिवशी देवरूखच्या एसटीत. हे तिनेच आईला सांगितलं होतं, हसत हसत. मला हसू आलं नव्हतं.

आज भावाचा जुना लॅपटॉप घेऊन पडवीत आली.

“अभय, हा मध्येच मरतो बघ.” ओढणीची पिन दातात धरलेली, तरी माझं नाव स्वच्छ आलं. मग पिन खांद्याला लावून म्हणाली, “सरावाचा पेपर सोडवत होते. लाईट गेली, बासष्टाव्या प्रश्नाला हा बंद. ना सांगणं, ना सवरणं. अजून किती मिनिटं चालेल एवढं मला डोळ्यांसमोर दिसायला हवं. बाकी काय ते तू कर.”

“होईल.”

“कधी?”

“परवा.”

“तुझा परवा की कॅलेंडरवरचा?”

ती गेल्यावर वर बघितलं. पट्टीवर ६१ डिग्री. मशीनचे.


१३ मार्च, गुरुवार

तिची बॅटरी खोटं बोलते. चाळीस टक्के दाखवते नि सहाव्या मिनिटाला मान टाकते. तिच्या हिशेबाने ती अजून नवी आहे, म्हातारी झाल्याचं तिला कोणी सांगितलेलंच नाही. काल दिवसभर लॅपटॉप चार वेळा भरला, चार वेळा घड्याळ लावून रिकामा केला. खरी ताकद बावीस मिनिटं. मग टक्के काढूनच टाकले नि पट्टीत सरळ मिनिटं लिहिली. आठच्या खाली गेलं की घर लाल होतं.

लॅपटॉप नेऊन दिला. तिने वायर काढली नि एकवीस, वीस, एकोणीस होताना बघत उभी राहिली.

“हे मस्त आहे! आता मी हिच्या भरवशावर नाही.”

येताना ओले काजूगर दिले, पानात गुंडाळून. “मामीने दिलेत,” म्हणाली. असं म्हणावंच लागतं.


१५ मार्च, शनिवार

पाचवं घर बांधलं.

वाडीत इंटरनेटची जोडणी एकच, विहाराच्या माडीवर. तिथला राऊटर आमच्या घरापर्यंत पोचतो नि धोंडूकाकांच्याही. म्हणजे तिचा लॅपटॉप आणि माझं मशीन एकाच वायरीची लेकरं. दर अर्ध्या मिनिटाला माझ्या मशीनने तिच्या लॅपटॉपला एक हाक मारायची. ओ आली तर पट्टीत हिरव्या अक्षरांत लिहायचं: तेजल आहे. ओ नाही आली तर घर कोरं.

आधी नुसते चौकोन उमटले, कारण पट्टीला मराठी अक्षरं ठाऊक नव्हती. अर्धा दिवस फॉन्ट बसवण्यात गेला. संध्याकाळी पाचला चौकोनांची अक्षरं झाली, आणि ती होती.

तिच्या लॅपटॉपमध्ये मी काही टाकलेलं नाही, हे लिहून ठेवतो. मी काही वाचत नाही, बघत नाही. शेजारच्या घरात दिवा दिसला तर आपण तो बघतोच की. एवढंच आहे हे.


१९ मार्च, बुधवार

सकाळी ५:३५ आहे. ७:१० नाही. ९ ते १ आहे. दुपारी दोनला पुन्हा आहे.

चार दिवस हेच. मी साडेपाचला उठायला लागलोय, आईला नवल वाटतंय. दोन माणसं एकाच वेळी उठून एकाच वेळी बसतात, याला काहीतरी म्हणत असतीलच.


२४ मार्च, सोमवार

डोकं फिरलंय. काल दिवसभर घर कोरं. सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही. चार वेळा विहारात जाऊन राऊटर बंद-चालू करून आलो. आज ती नळावर दिसली.

“काल कुठे होतीस दिवसभर?”

“का?”

“असंच. नेट गेलं होतं का तुमच्याकडे?”

“मी रत्नागिरीला गेले होते, पुस्तकं आणायला.” कळशी खाली ठेवून तिने माझ्याकडे नीट बघितलं. “मी घरात नव्हते हे तुला कोण बोललं?”

“कोण बोलणार? अंदाज.”

“अभयदादा, तू सगळ्यांचे असे अंदाज घेतोस?”

दादा परत आला. मी येताना पडवीतली बादली लाथेने उडवली. आई काजूच्या फॅक्टरीतून नुकतीच आली होती, चिकाने काळी झालेली बोटं राखेने घासत होती. म्हणाली, “ती बादली तुला काय बोल्ली? कालेजातबी असंच केलंस. रागानं पोट भरतं काय रं तुजं?”

कॉलेजात काय केलं ते एकदा लिहूनच टाकतो. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सर तिसऱ्यांदा सही करेनात. चूक माझी होती, तीन प्रयोग मी केलेच नव्हते. जर्नल फाडून त्यांच्या टेबलावर टाकलं नि दार असं आपटलं की काचेला तडा गेला. परत गेलोच नाही. त्या तड्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेव्हा तो बरा वाटला होता.


२ एप्रिल, बुधवार

मुंबई मंडळाने आठ कॉम्प्युटर पाठवले. राकेशदादा मंडळाचा सेक्रेटरी. त्याच्या ऑफिसने काढून टाकलेली मशीनं त्याने मागून घेतली, वाडीच्या पोरांच्या अभ्यासिकेसाठी. विहाराच्या बाजूची खोली रिकामी केली, टेबलं लागली. जयंतीला, चौदा तारखेला उद्घाटन.

धोंडूकाका गावशाखेचे अध्यक्ष. एकेका डब्यावर टिचकी मारत फिरले. “काय रं अभय, ह्यांच्यात जीव हाय का? का मुंबईकरांनी कचरा आपल्या दारात टाकलान?”

“दोन जीबीची आहेत काका. जड काही चालणार नाही. पण हलकं काहीतरी बसवतो, पळतील.”

“पळू देत. पन चौदाला थांबायला नकोत.” मग माझ्या हातावर चावी ठेवली. “ही तुज्याकडं. पोरगा रागीट हाय, पन हातात हुन्नर हाय, असं मी कमिटीत बोल्लोय. माजी मान खाली घालू नको.”

खोलीची चावी पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हातात दिली. आईला दाखवली. तिने ती पदराने पुसून परत दिली.


६ एप्रिल, रविवार

आठही मशीनची घड्याळं १ जानेवारी २००९ वर अडकली आहेत. आतला बटनासारखा सेल मेलाय. लांज्यात आठ सेल मिळायला दोन दुकानं फिरावी लागली. चौथ्या मशीनची पट्टी १२७ डिग्री सांगत होती. घाबरून बंद केलं, तर पट्टी भलत्याच ठिकाणचं तापमान वाचत होती.

दमलो आहे. विहाराच्या पत्र्यावर दुपारी नुसता जाळ असतो. भिंतीचा जांभा संध्याकाळी हात लावला तरी गरम.

तेजल शुक्रवारपासून देवरूखला. आतेबहिणीचा साखरपुडा आहे म्हणे. आतेबहिणीचाच ना? तिथे कोण कोण येतं, कोण कोणाला बघतं... मामीला विचारलं तर म्हणाली, “येल की तेराला. तुला कशाला?”

घर कोरं.


१० एप्रिल, गुरुवार

झालं. आठही मशीनवर मराठी अक्षरं बसवली. पोरांना पट्टी वाचता यायला हवी म्हणून घरांची नावंही मराठीत दिली: मेमरी, ताप, नेट, वेळ. ‘ताप’ वाचून बाबल्या हसला, तो आठवीत आहे. म्हणाला, “अभयदा, ह्याला डोलो देऊ?” आठ दिवसांत मी पहिल्यांदा हसलो.

प्रत्येकाला पट्टीची फाईल वेगळी लिहिण्याएवढं त्राण नव्हतं. पेनड्राईव्हवर माझीच घेतली नि आठ ठिकाणी चढवली. सगळी मशीनं एकदम चालू केली. आठ पडदे, आठ पट्ट्या, प्रत्येकीत चार घरं, सगळी बरोबर. धोंडूकाका दारात उभे होते. आत आले, पाठीवर हात ठेवला.

माझ्या घरच्या मशीनवर पाचवं घर सहा दिवस कोरंच आहे. असलं काय नि नसलं काय. परवा ते आहे हेच विसरलो होतो.


१३ एप्रिल, रविवार

संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटं. आहे.


१४ एप्रिल, सोमवार

लिहवत नाही.


१५ एप्रिल, मंगळवार

लिहितो. नाहीतर हे डोक्यात फिरतच राहील.

काल दहा वाजता वंदना झाली, मग सगळी वाडी अभ्यासिकेत. मुंबईहून राकेशदादा नि मंडळाची सात-आठ माणसं. बायका खिडक्यांशी, पोरं पुढे. मी आठही मशीनं आधीच चालू करून ठेवली होती. फीत कापली, टाळ्या झाल्या. धोंडूकाका म्हणाले, “आता आमची तेजल वाडीची जुनी चित्रं दाखवील.”

तिने ती चित्रं महिनाभर जमवली होती. टेबलावर लॅपटॉप ठेवला, चालू केला.

मी तिच्याकडे बघत होतो. पडद्यांकडे नाही.

पुढच्या रांगेत वाडीतल्या धाकूची धाकटी मुलगी बसली होती. पहिलीत आहे, दिसेल ते मोठ्याने वाचते. “ते-ज-ल आ-हे,” तिने वाचलं. मग शेजारच्या पोराने त्याच्या पडद्यावरचं वाचलं. मग सगळ्यांनी, वर्गात म्हणतात तसं एका सुरात. आठ पडद्यांवर, हिरव्या अक्षरांत. पेनड्राईव्हवरून माझी पाचवी ओळही आठ ठिकाणी गेली होती. मराठी फॉन्ट मीच बसवला होता, अगदी ठळक दिसत होतं.

खोलीत हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं, अजून नव्हतं. राकेशदादा म्हणाला, “अरे वा! जिकडं बघावं तिकडं तेजल हाय! कुनाच्या मनातनं सांडली रं ही?” नि माझ्याकडे बघून डोळा मारला.

मी त्याची कॉलर धरली.

तेवढं केलं नसतं तर कदाचित ते हसण्यावारी गेलं असतं. मशीनची काहीतरी गडबड, असं म्हणता आलं असतं. कॉलर धरल्यावर कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही. दोघांनी मला मागे ओढलं. धोंडूकाकांनी भिंतीवरचं मेन बटन खाली केलं, आठही पडदे काळे झाले. तेजलचा लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू होता. ती त्याच्यामागे उभी होती. वर पट्टीत मी बसवलेली मिनिटं कमी होत असणार. मग तिने तो मिटला.


१६ एप्रिल, बुधवार

सकाळी तेजल आली. बरोबर मामी, ती अंगणात पेरूखाली थांबली.

“मामीला घेऊन आलेय,” तेजल म्हणाली. “एकटी आले तर तेही तुझ्या कुठल्यातरी पट्टीत दिसेल.”

मी दारातून बाजूला झालो.

“दाखव मला ते.”

दाखवलं. घर कोरं होतं. धोंडूकाकांनी तिचा लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावलंय. मग मी फाईल उघडून ओळ दाखवली. तिने ती बोट ठेवून वाचली.

“कधीपासून?”

“पंधरा मार्च.”

“म्हणजे नळावर विचारलंस तेव्हा...” ती खाली बसली. “मला वाटलं, मामी सांगते कोणाला तरी. मी मामीशी आठ दिवस नीट बोलले नाही, माहीत आहे? हे सांगतंय कोणाला, मी आहे म्हणून?”

“मला.”

“मी सांगितलं होतं तुला सांगायला?”

“फक्त चालू की बंद एवढंच, तेजल. बाकी काही नाही. त्या दिवशी तू मला दादा म्हणाली नाहीस...”

“कुठल्या दिवशी?”

“अकरा मार्च. तीन वाजून वीस मिनिटं.”

ती आठवत राहिली. खरंच आठवत होती, नाटक नव्हतं. मग म्हणाली, “दातात पिन होती रे.”

बाहेर मामी खोकली.

“सत्तावीसला परीक्षा आहे,” तेजल म्हणाली. आवाज चढला नाही, चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “उद्या अकराला बाबा येतायत. फोनवर सांगितलं त्यांना, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ते म्हणतात, तुझ्या माहितीशिवाय आठ ठिकाणी नाव कसं येईल? मामाही गप्प आहे. अकरा महिने अभ्यास केला मी. अकरा दिवस राहिलेत.”

मी म्हणालो, “मी सांगतो त्यांना. मी लग्नाला तयार आहे.”

तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. भर उन्हात कोणीतरी आणखी एक कोस चालायला सांगावं, तसं काहीतरी होतं.

“तू परत तेच केलंस,” म्हणाली नि उठली.

तेच म्हणजे काय? मी तर सगळं अंगावर घ्यायला निघालो होतो. दुपारभर विचार केला, नाही कळलं. संध्याकाळी आईला सांगितलं, लग्नाचं सोडून सगळं. ते तिने आपणहून ओळखलं.

“लग्नाचं बोल्लास ना तिला?”

“हो.”

“तिनं इचारलान होता?”

मी ताट पुढे सरकवलं.

“तू त्या यंत्रात तिला न इचारता घातलास. आता घरात घालाया निगालास, तेबी न इचारता.” आई ताटात भात वाढत होती, बोटांवरचा काळा डाग ताटाच्या कडेला टेकला. “उद्या जा. काय केलास तेवडं सांग नि गप ऱ्हा. तुज्या मनात काय हाय ते तिथं कुनी मागितलेलं नाय.”


१७ एप्रिल, गुरुवार

सकाळचे साडेनऊ. अभ्यासिकेत बसून लिहितोय. चावी अजून माझ्याकडेच आहे, कोणी मागायलाही आलं नाही.

आठ वाजल्यापासून एकेका मशीनची फाईल उघडतोय. पाचवी ओळ शोधायची, पुसायची, फाईल ठेवायची, पट्टी पुन्हा चालू करायची. मेमरी, ताप, नेट, वेळ. आठ वेळा तेच. घरचं मशीन सगळ्यात आधी केलं, पहाटे. वाटलं होतं त्याला वेळ लागेल. एक ओळ पुसायला काय लागतं? साडेपाच वाजले होते, सवयीने वर बघितलं. चारच घरं.

अकराला धोंडूकाकांकडे तिचे वडील बसतील, कमिटीची माणसं बसतील. राकेशदादाही आहे, शनिवारपर्यंत. सगळ्यांसमोर काय बोलायचं ते या वहीच्या मागच्या पानावर लिहून बघितलं. पहिल्यांदा पान भरलं. त्यात कॉलेज होतं, माझे बाबा मुंबईला गेले नि आलेच नाहीत ते होतं, तीन वाजून वीस मिनिटं होती. खोडलं. दुसऱ्यांदा सात ओळी. खोडल्या. आता दोन उरल्यात:

नाव मी टाकलं. तेजलला ठाऊक नव्हतं.

तिसरी ओळ आपोआप हाताशी येते, ‘पण माझं तिच्यावर’ अशी सुरू होते. तीनदा आली, तीनदा खोडली.

राकेशदादाची माफी मागायची, ती वेगळी. ती त्याच्या कानात नाही, कॉलर धरली तेवढ्याच माणसांसमोर. धोंडूकाकांच्या हातात चावी द्यायची. फॅक्टरीत माल उतरवायला माणसं हवीत, आई म्हणत होती.

तिचे वडील ऐकतील की नाही, ठाऊक नाही. एकदा वाटलं, ऐकलं नाही तर चार शब्द सुनावून यावं. ते वाटलं तेव्हाच कळलं, तो जुना राग अजून आहे, घरून निघताना पाणी पिऊन निघायला हवं होतं. कपाटातला लॅपटॉप बाहेर निघाला तर तिच्या पट्टीवर मिनिटं अजून बरोबर दिसतील. त्यात माझं काही नाही, फक्त मिनिटं आहेत. तेवढं तिथे राहू दे.

दहा वाजून चाळीस. आठही मशीनं बंद केली, मेन बटन खाली केलं. खोलीत आता घड्याळ नाही. काकांचं घर विहिरीच्या पलीकडे, चालत पाच मिनिटं. निघालो. उन्हाने या दाराचं लाकूड फुगलंय, जोराने ओढलं तर आपटतं. दोन्ही हातांनी धरून हळू ओढून घेतो.